कोऱ्या कापडाची वाकळ होत नाही

सामानाचा टेम्पो शेजारून गेला की मी फ्रीज, कपाट, गाद्या काही बघत नाही. त्यांच्याभोवती काय गुंडाळलंय तेवढंच बघते. दीड वर्ष झालं ही खोड लागून. कारण सांगते, म्हणजे भर कामाच्या दिवसांत रजा टाकून राणीसावरगावला जायचं खूळ माझ्या डोक्यात का शिरलं तेही कळेल.

आईचे गुडघे गेले म्हणून आम्ही पुण्यातच लिफ्ट असलेल्या घरात राहायला गेलो. सामान हलवायला आलेल्या माणसांनी कपाटाच्या आरशाला गुंडाळायला काहीतरी जुनंपानं मागितलं. मी घाईत होते. हाताला आईची वाकळ लागली, दिली. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या परभणीकडे वाकळच म्हणतात. आरसा सुखरूप पोचला. वाकळ टेम्पोबरोबर गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी फोन केले, तिसऱ्या दिवशी स्वतः गोदामात जाऊन पाहून आले, कुणाला काही आठवत नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "असू दे."

माझी आई निवृत्त शिक्षिका आहे. चहात साखर जास्त पडली तरी पाच मिनिटं बोलते. अशी बाई चाळीस वर्षं अंगावर घेतलेल्या वाकळेबद्दल दोन शब्दांत गप्प झाली. मी प्रायश्चित्त म्हणून महागातलं मऊ ब्लँकेट आणलं. ती ते घेते, नाही असं नाही. पण झोपताना त्याची कड बोटांत धरून चाचपत राहते. टाके शोधते, दुसरं काय!

मग ठरवलं, तशीच वाकळ करून आणायची. अगदी तशीच. जुन्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्याचा एक फोटो माझ्याकडे होता, त्यात मागे कठड्यावर वाकळ दिसत होती. तो मोठा करून करून मी आलेखाच्या कागदावर नक्षी उतरवली. तेवीस तुकडे, मधोमध एक मोठा निळा. आणि इथे माझी हुशारी आडवी आली. म्हटलं, करायचीच आहे तर थोडी नीटनेटकी करू. रंग एकमेकांना धरून हवेत. प्रदर्शनातून नवंकोरं सुती कापड आणलं: नीळ, विटकरी लाल, हळदी, सगळं ठसेछपाईचं. पायाकडे एक तपकिरी चौकड्यांचा तुकडा होता, तो डोळ्यांत खुपत होता. तो काढून तिथे हळदी टाकला. आईला कागद दाखवला. तिनं चष्मा लावला, नीट पाहिलं, "छान काढलंयस" म्हणाली आणि चित्रकलेची वही तपासून द्यावी तसा परत केला.

राणीसावरगावला जाऊन शिवकांतामावशीकडूनच शिवून आणते म्हटल्यावर मात्र, "कशाला? काही नको." राणीसावरगावच्या शाळेत आई नऊ वर्षं होती. मी चालायला तिथेच शिकले. शिवकांता ही तिची तिथली मैत्रीण, आणि हरवलेली वाकळ त्या दोघींनी मिळून शिवलेली. तीस वर्षांत गाठ नाही. आईच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून नंबर मिळवला, तेव्हा फोनवर मावशीची सून बोलली आणि खुशाल या म्हणाली. मी निघाले त्या संध्याकाळी आईनं एक गाठ मारलेली कापडी पिशवी हातात दिली. शिवकांताला दे, एवढंच म्हणाली. आत साडी असणार हे हाताला कळत होतं. मी ती बॅगेत तळाशी टाकली.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी परभणी. जंक्शन मोठं आहे, पण बाहेर पडलं की रिक्षावाले "ष्टँड, ष्टँड" म्हणून अंगावरच येतात. दोघातिघांनी मिळून रिक्षा करा, बरं पडतं. स्टँडजवळच्या गाड्यावर सुशीला खाल्ली. नावावर जाऊ नका, बाई नाही, नाश्ता आहे: भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची, शेंगदाणे, वरून शेव. पुण्यात हा पदार्थ कुणाला माहीत नाही आणि सांगितला तर हसतात. मी दोन प्लेटा खाल्ल्या. गाडेवाल्यानं कुठून आलात विचारलं. इथलीच म्हटलं तर म्हणाला, "मग बरोबर हाय. जगात जर्मनी अन् भारतात परभणी." लहानपणापासून ऐकलंय हे. यात जर्मनीचा काय संबंध हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

गंगाखेडची एसटी दर थोड्या वेळानं असते आणि बायकांना अर्धं तिकीट. खिडकी धरली. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल आला तसं सगळ्या गाडीनं हात जोडले. शेजारच्या आजींनी माझ्या कोपराला ढोसून मलाही जोडायला लावले. इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेडला उतरून राणीसावरगावची गाडी. वेळापत्रकावर विसंबू नका, कंट्रोलरला विचारा. मी तासभर बसले आणि तो सगळा तास एकच विचार करत राहिले. तीस वर्षांनी आपण कुणाच्या दारात जातोय, तेही आपली चूक दुरुस्त करून घ्यायला!

रस्ता मात्र सुंदर. बालाघाटच्या बसक्या टेकड्या, मध्ये ज्वारी हुरड्यावर आलेली, करडई पिवळी फुललेली, हरभऱ्याचे घाटे. संक्रांत नुकतीच झाली होती. उन्हाला धार नव्हती. याच दिवसांत जा, चैत्रात गेलात तर मला दोष देऊ नका.

शिवकांतामावशी ओट्यावर बसली होती. सत्तरी उलटलेली, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, डोळ्यांवर पांढुरकी साय आल्यासारखी. मी पाया पडले तर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि नाकावर बोट ठेवून म्हणाली, "बाईचंच हाय." आईला गावात सगळे बाईच म्हणायचे. पिशवी दिली. तिनं ती न उघडताच कपाळाला लावली आणि सुनेला देवाच्या फळीवर ठेवायला सांगितली. आहेर असा येताजाता फोडत नसतात, सवडीनं कुंकू लावून उघडायचा.

सून ज्योती माझ्याच वयाची, बोलायला फटकळ, कामाला चपळ. तिनं येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी केली. मला तिनं स्वयंपाकघरात चुलीजवळच बसवलं. मावशीनं भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बघा आत्याबाई, बाईची लेक जेवायलीय." मग मला सांगितलं, अगदी सहज, पाऊसपाणी सांगावं तसं. तिची सासू तिला आमच्या वस्तीकडे जाऊ देत नसे आणि आईला या उंबऱ्याच्या आत घेत नसे. मग वाकळ शिवली कुठे तुम्ही, मी विचारलं. "शाळेत. उन्हाळ्याची सुट्टी व्हती. व्हरांडा काय कुणाच्या बापाचा न्हवता."

आई हे मला कधी बोलली नव्हती. मी दुसरी भाकरी घेतली, खरं तर पोट भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलेल्या फरशीवर मी माझा संसार मांडला. कागद, फोटो, रंगाप्रमाणे घड्या घातलेलं कापड. शेजारच्या दोन बायकाही आल्या होत्या. कापडाला हात लावून लावून त्या "लय भारी" म्हणाल्या, मी फुगले. मावशीनं मात्र एक तुकडा बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दुसरा घेतला, तोही ठेवला.

"कोरं हाय सगळं," ती म्हणाली.

मी उत्साहानं सांगायला लागले, नवीन आहे, शुद्ध सुती आहे, रंग पक्का आहे. ज्योतीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. मावशी शांतपणे म्हणाली, "कोऱ्यात माणूस एकदाच गुंडाळतेत, माय. शेवटाला. बाईला देऊ नगंस."

एवढं शिकून, एवढं फिरून, ही साधी गोष्ट आपल्या डोक्यात येऊ नये? ज्योतीनं सावरून घेतलं. तिनं व्यवहाराचं कारण दिलं: कोरं कापड धुतल्यावर आटतं, जुनं आटत नाही, मग टाके ओढले जातात आणि वाकळ चुरगळलेल्या पापडासारखी होते. ते बरोबरच होतं. पण मला ऐकू येत होतं ते पहिलंच कारण.

निदान नक्षी तरी बघा म्हणून मी कागद पुढे केला. मावशीला दिसेना, म्हणून ज्योतीनं फोनवरचा फोटो मोठा करून एकेक तुकडा सांगितला. हा कुठं, तो केवढा. मावशी मान हलवत राहिली, नाही नाही अशी.

"हे मी शिवलेलं न्हाईच."

तिची वाकळ अशी नव्हतीच म्हणे. दोन लुगडी होती. आईचं पांढरं, निळ्या काठाचं, आणि मावशीचं हिरवं. त्यांच्या चार उभ्या पट्ट्या, बस्स. तुकडेबिकडे काही नव्हते. आणि मग तिनंच उलगडून सांगितलं, "ही ठिगळं हायत. जिथं फाटलं तिथं लावलेत बाईनं. तू भोकांचा नकाशा काढून आणलास."

बायका हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्याच दमात रडूही. तेवीस भोकं मी पट्टीनं मोजून, रंग जुळवून, सुधारणा करून आणली होती. चाळीस वर्षांत ती वाकळ वरून इतकी झाकली गेली होती की खालची पट्टी मी कधी पाहिलीच नव्हती. मला वाटायचं ती जन्मतःच तशी होती.

मी अंगणात जाऊन आईला फोन लावला. कागद समोर धरला आणि एकेक ठिगळ विचारायला लागले. आई आधी कुरकुरली, औषधाची वेळ झालीय म्हणाली, मग सांगायला लागली आणि थांबेचना. वरचं डावं लाल? पालमला बदली झाली, त्या घरात उंदीर, त्यानं कुरतडलं. त्याच्याखालचं जांभळं? माझे दात येत होते, तो कोपरा मी चावून चावून भोक पाडलं. मधलं मोठं निळं? ते मला आठवत होतं: माझा शाळेचा स्कर्ट. मी तापानं फणफणले होते, शेगडी जवळ ओढली आणि ठिणगी उडाली. आईनं मारलं नाही, दुसऱ्या दिवशी स्कर्ट कापला.

"आणि पायाकडचं तपकिरी चौकड्यांचं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "तुझ्या बाबांचा शर्ट. चार महिने पडून होते ना. टाचा घासून घासून तिथलं कापड विरून गेलं. म्हणून त्यांचाच लावला."

"आई, मी ते काढून टाकलं होतं."

"पाहिलं मी. कागदावर नव्हतं."

छान काढलंयस म्हणाली होती ती. मी ओट्याच्या कडेला बसले. रागावली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात तिनंच विचारलं, "तिथं आता काय करताय?" मी सांगितलं, कापड बाद झालं, जुनं कापड नाही, मी बहुतेक उद्या परत येते. त्यावर माझी ती खरी आई बोलली, शाळेतल्या आवाजात: "मी दिलेली पिशवी उघडली नाही का अजून तुम्ही दोघींनी?"

फळीवरून पिशवी काढली. मावशीनं आधी कुंकू लावलं, मगच गाठ सोडली. आत आईची पांढरी साडी, निळ्या काठाची. ती पहिली नव्हे, ती तर पहिल्या वाकळेतच गेली. ही त्यानंतरची. बुद्धपौर्णिमेला आई हीच नेसायची, वर्षानुवर्षं, धुऊन धुऊन इतकी पातळ झालेली की तळहात ठेवला तर रेषा दिसाव्यात. काही नको, काही नको म्हणणाऱ्या बाईनं कापड आधीच बांधून दिलं होतं, आणि मी ते बॅगेच्या तळाशी टाकून वर माझ्या ठसेछपाईच्या घड्या रचल्या होत्या.

मावशीनं ती साडी उलगडली नाही, मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, व्हिडिओ लावून देऊ का, बोला दोघी. "कशाला? मला दिसत न्हाई, तिला चालता येत न्हाई. आवाज बास हाय."

मग जे झालं ते मी फोन हातात धरून ऐकलं. मावशीनं विचारलं, "बाई, जेवलात का?" आणि आई म्हणाली, "लय दिवसांनी विचारलंस." माझ्यासमोर आयुष्यात कधी 'लय' म्हणाली नाही ती. मला म्हणू द्यायची नाही. पाच मिनिटांत दोघींचं रंगावरून वाजलं. मावशी म्हणे, तिचं हिरवं इरकल मध्ये घालू, उठून दिसंल. आई म्हणे, हिरवं कडेला, मध्ये पांढरंच हवं, तोंडावर हिरवं आलं की झोप लागत नाही. मावशीनं विचारलं, मागल्या खेपेला कशी लागली मग? आई म्हणे, मागल्या खेपेला मी तुला भिऊन बोलले नाही. ज्योती पदर तोंडात धरून हसत होती. शेवटी आईचंच खरं झालं. दोरा लाल हवा, पांढऱ्यावर पांढरा दोरा म्हणजे नुसता आंधळा कारभार, असंही फर्मान सुटलं. आणि फोन ठेवता ठेवता आईनं विचारलं, "सुजाताचं काय आहे त्यात?"

माझं काही नव्हतं. गळ्यात एक सुती ओढणी होती, बारा वर्षांपूर्वीची, मोहरीच्या रंगाची, प्रवासात घ्यायची म्हणून टाकून न दिलेली. मावशीनं हात पुढे केला. दिली.

माझ्या कोऱ्या कापडाची मावशीनं नीट घडी घालून मला परत दिली. "फेकू नगंस. घाल, धू, वाळव. दहा वर्षांनी आण, मग शिवू." दहा वर्षांनी कोण शिवणार, हे तिथे कुणीच विचारलं नाही.

लाल दोऱ्यासाठी तिसऱ्या दिवशी ज्योती आणि मी एसटीनं पालमला गेलो. मावशीकडे पांढऱ्या दोऱ्याच्या रिळी होत्या, पण आईची आज्ञा मोडायची कुणाची टाप! पालम लहानसं आहे, एका फेरीत बाजार संपतो. उंदरांचं ते घर मी शोधलं, त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. दोऱ्याच्या दुकानदारानं वाकळेसाठी म्हटल्यावर, "आता कोण शिवायलंय ताई, ब्लँकेट घ्या की," म्हणून भाषण दिलं आणि बोलता बोलता फळीवरून तीन तऱ्हेचे लाल दोरे काढले. गुंजेसारखा, विटेसारखा आणि कुंकवाचा. त्यातला कुंकवाचा घ्या म्हणाला, त्याची आई तोच वापरायची. कोपऱ्यावरच्या हॉटेलात गरम भजे मिळतात, ते जरूर खा. चहा गोड असतो, आधी सांगा.

मी तीन दिवसांची रजा काढली होती, आठ दिवस राहिले. ऑफिसला तब्येतीचं कारण दिलं, ते पूर्ण खोटंही नव्हतं. राणीसावरगावात लॉज मिळेल या भरवशावर जाऊ नका. ओळख नसेल तर गंगाखेडला मुक्काम करून जाऊन-येऊन करा. मी मावशीकडेच राहिले. सकाळी कामं आटोपली की फरशीवर वाकळ पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड. खाली मावशीच्या मालकांची जुनी धोतरं, मध्ये शेजारणींनी गाठोड्यातून काढून दिलेली लुगडी, वर आमच्या पट्ट्या: कडेला हिरवं, मध्ये पांढरं, उशाकडे मोहरी. टाके बाहेरच्या कडेपासून सुरू होतात आणि फिरत फिरत आत येतात. चौघी चार बाजूंना. मावशीला सुई ओवता यायची नाही, ती ज्योती ओवून द्यायची. पण एकदा दोरा हातात आला की मावशीचं बोट पुढे आणि सुई मागे, ज्वारीच्या दाण्याएवढा टाका, एकही चुकार नाही. माझे टाके बघून शेजारीण म्हणाली, कोंबडी चालल्यासारखे आहेत. मावशीनं ते उसवू दिले नाहीत. बाईला कळू दे कुणाचे ते, म्हणाली.

संध्याकाळी मी देवीच्या देवळापर्यंत चालत जायचे आणि येताना शाळेवरून. व्हरांडा आता ग्रिल लावून बंद केलाय. मी ग्रिलला तोंड लावून आत बघत राहायचे. दोन तरुण बायका, एकीला घरून परवानगी नाही, दुसरीला बोलावणं नाही, मध्ये वाकळ, आणि कडेला कुठेतरी मी रांगत असणार. मला ती दुपार हवी होती. फार हवी होती. ज्या वाकळेत ती दुपार शिवलेली होती ती मी आरशाला गुंडाळायला दिली, हे त्या ग्रिलपाशी रोज नव्यानं कळायचं.

आठव्या दिवशी मावशीनं हात थांबवला. मधोमध वीतभर जागा रिकामी होती. मला वाटलं दोरा संपला. "ती ज्याची त्यानं मिटवायची," ती म्हणाली. वाकळ ज्याच्या अंगावर जायची त्यानं मधल्या जागेत ज्वारीचे चार दाणे ठेवायचे, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही, आणि शेवटचे टाके आपल्या हातानं घालायचे. तिनं दाणे जुन्या दस्तीच्या, म्हणजे रुमालाच्या, कोपऱ्यात बांधून दिले. मी पाया पडले. तिनं परत माझं नाक चाचपलं. "बाईला सांग, मी आवाज ओळखला," एवढंच म्हणाली. फाट्यापर्यंत येते म्हणाली आणि ओट्यावरच बसून राहिली.

पुण्याला पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आई खुर्चीत बसून पेपर वाचत होती, म्हणजे वाचत असल्याचं दाखवत होती. वाकळ मांडीवर ठेवली. तिनं आधी उलटी केली. कुठलीही वस्तू ती आधी उलटीच करते. मग कडेनं बोट फिरवत निघाली. "हे शिवकांताचे," म्हणाली. बरंच पुढे गेल्यावर, "हे तिच्या सुनेचे असतील, घाईत असते वाटतं." मग बोट अडखळलं. "आणि हे वाकडे तुझे."

मधली रिकामी जागा दाखवायला लागलीच नाही. दस्ती बघून तिनं स्वतःच गाठ सोडली, दाणे तळहातावर घेतले, मोजले, ठेवले. मी सुई ओवून दिली. तिचे टाके सरळ पडले. शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "असू दे म्हणाले होते मी. पण नव्हतं असू द्यायचं. फार वाईट वाटलं होतं मला, सुजाता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. पण बोलायला हवं होतं." आणि मग दीड वर्षाचं साचलेलं बोलली. पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास. माझी घाई, माझा निष्काळजीपणा, लहानपणी हरवलेले डबे आणि छत्र्यासुद्धा निघाल्या. मी ऐकून घेतलं. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

त्याला आता दोन महिने झाले. ब्लँकेट कपाटात गेलं. मी त्या कोऱ्या निळ्या कापडाचा कुर्ता शिवला आणि आठवड्यातून दोनदा घालते, धुते, वाळवते. अजून कडकच आहे. आई आणि मावशी रविवारी फोनवर बोलतात, बहुतेक भांडतात. नवी वाकळ छान आहे. मऊ आहे, उबदार आहे, आईला झोप लागते. कुठेही फाटलेली नाही. बाबांच्या टाचा तिला माहीत नाहीत, माझा ताप माहीत नाही. त्याला कुणाचाच इलाज नाही.

परवा सिग्नलला एक टेम्पो उभा होता. मागे फ्रीज आणि फ्रीजभोवती काहीतरी जुनं, ठिगळाठिगळांचं, मध्ये निळं. हिरवा दिवा लागला तशी मी गाडी त्याच्या मागे घातली. दोन चौक गेले. तिसऱ्या चौकात जवळून दिसलं, सतरंजी होती. घरी यायला उशीर झाला, म्हणून आईला खरं काय ते सांगितलं. वाटलं, हसेल, वेडी आहेस म्हणेल. तिनं वाकळ गुडघ्यांवर ओढून घेतली आणि विचारलं, "नीट पाहिलंस ना? उलटी करून?"